बियांपासून शिवण: गोव्याच्या जमिनीत लाकडासाठी झाड कसे वाढवावे

लाकडासाठी झाड लावायचे म्हटले की गोव्यात पहिले नाव सागाचे निघते. लवकर वाढणारे झाड म्हटले की लोक ऑस्ट्रेलियन अकेशियाकडे वळतात. शिवण मात्र आपल्याच डोंगरातली असून मागे पडते. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या भागांतल्या पानगळीच्या रानात ती आपोआप उगवते, सागापेक्षा लवकर भरते आणि तिचे फिकट पिवळसर लाकूड वजनाला हलके असते. वाळल्यावर ते फारसे वाकत किंवा तडकत नाही. दारे-खिडक्या, पाट, कपाटे, कोरीवकाम, वाद्यांची खोडे अशा कामांना ते चालते. शास्त्रीय नाव ग्मेलिना आर्बोरिया. दशमुळांतली गंभारी म्हणजे हीच.

शिवण भरभर वाढते, पण ती कुठेही वाढत नाही. खोल, निचऱ्याच्या मातीत पहिल्याच वर्षी माणसाच्या डोक्यावर जाणारे रोप उघड्या सड्यावर (जांभ्याच्या कातळमाळावर) पाच वर्षांतही कमरेएवढे राहू शकते. म्हणून बी गोळा करण्याआधी जमीन बघावी.

जमीन कशी तपासावी

एप्रिल-मे महिन्यात, माती कोरडी असताना, लावायच्या जागी तीन-चार ठिकाणी मीटरभर खोल खड्डा खणून पाहा. ३०-४० सेंटिमीटरवर सलग जांभा लागला, तर तिथे शिवणीचा हट्ट धरू नये. मुळे आडवी पसरतात, उन्हाळ्यात शेंडा वाळतो आणि झाड फाटेफुटे होते. खडे मिसळलेली पण खोल तांबडी माती चालते. डोंगराचा पायथा, जुनी कुमेरीची (फिरत्या शेतीची) जमीन, ओहोळाच्या काठावरचा उंच भाग, कुळागराची (सुपारी-नारळाच्या बागेची) उघडी कड या तिच्या आवडीच्या जागा.

दुसरी परीक्षा निचऱ्याची. खड्डा पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पाणी तसेच उभे दिसले, तर मुळे कुजणार. खाजन (खाडीकाठची खारी) जमीन आणि पावसाळ्यात पाणी साचणारी शेते यासाठी पूर्ण वर्ज्य. तिसरी गोष्ट उजेडाची: शिवणीला सावली सोसत नाही. जुन्या काजूच्या किंवा आंब्याच्या छायेत लावलेले रोप उजेडाच्या दिशेला वाकत जाते आणि ते वाकणे पुढे कधीच सरळ होत नाही. घराच्या पायापासून आणि विहिरीपासून ५-६ मीटर अंतर ठेवा, विजेच्या तारांखाली लावू नका.

बी कुठल्या झाडाचे घ्यावे

शिवणीत झाडागणिक खोडाचा फार फरक असतो. एक झाड सरळ खांबासारखे जाते, तर शेजारचेच दोन पुरुषांवर फाटून पसरते. हा गुण बराचसा बियांतून उतरतो, म्हणून हाताला लागेल त्या रस्त्याकडेच्या झाडाखालचे बी उचलणे म्हणजे पंधरा वर्षांचे नुकसान आधीच विकत घेणे. ज्याचे खोड निदान ५-६ मीटरपर्यंत फांदीशिवाय सरळ गेले आहे, ज्यावर बांडगुळे नाहीत आणि ज्याला भरपूर फळे धरतात, असे झाड निवडा. एकाच झाडावर अवलंबून राहू नका. एकमेकांपासून लांब असलेल्या आठ-दहा झाडांचे बी मिसळले, तर रोपे जोमदार मिळतात. राखीव वनातून किंवा अभयारण्यातून बी उचलायचे झाल्यास वनखात्याची परवानगी लागते. खाजगी भाटातली (बागायतीतली) चांगली झाडे हेरून ठेवणे सोपे.

फळे एप्रिलअखेरीपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पिकून गळतात. गळलेल्या फळांतली पिवळी तेवढी घ्या. हिरव्या फळांतले बी कच्चे असते आणि काळी पडून कुजलेल्या फळांतले अनेकदा मेलेले. गुरे, हरणे, वटवाघळे ही फळे आवडीने खातात. म्हणून झाडाखालची जागा आधी झाडून घ्यावी आणि दर तीन-चार दिवसांनी फळे वेचावीत. गुरे आणि हरणे रवंथ करताना बिया बाहेर टाकतात, त्यामुळे ती बसण्याच्या जागीही गर निघालेल्या बिया सापडतात. त्या उगवतात, पण कुठल्या झाडाच्या ते कळत नसल्याने लाकडाच्या लागवडीला घेऊ नयेत.

वेचलेली फळे प्लास्टिकच्या पोत्यात दाबून ठेवू नका. मे महिन्याच्या उष्म्यात पोत्याच्या आत फळे तापतात, आंबतात आणि बी आतल्या आत शिजते. बी उगवले नाही अशी तक्रार येते, तिचे मूळ पुष्कळदा या पोत्यातच असते. सुंभाची पाटी किंवा ज्यूटचे पोते वापरा आणि त्याच दिवशी फळे सावलीत पसरा.

गर काढणे आणि बी राखणे

फळे टबात किंवा पिंपात पाण्यात बुडवून २४ ते ४८ तास ठेवा, मध्ये एकदा पाणी बदला. गर मऊ झाला की थोडी जाडी वाळू घालून पायाने तुडवा किंवा ज्यूटच्या पोत्यावर घासा. मग टोपलीत घेऊन वाहत्या पाण्यात धुवा. बीला गराचा चिकट अंश राहू देऊ नका, कारण त्यावर बुरशी धरते, मुंग्या आणि उंदीर येतात. धुतलेले बी पुन्हा भांडेभर पाण्यात टाका. तरंगेल ते फेका.

हाताला लागते ती कठीण कवचाची आठळी. तिच्या आत कप्पे असतात आणि त्यांत १ ते ४ खऱ्या बिया. म्हणूनच एका आठळीतून कधी कधी दोन-तीन कोंब येतात. वाळलेल्या आठळ्या आकाराप्रमाणे किलोला साधारण १,००० ते २,५०० भरतात. ताजे, नीट साफ केलेले बी शंभरात ६५ ते ८० पर्यंत उगवते. म्हणजे हजार रोपे हवी असतील तर बाद होणारी रोपे धरून १,८०० ते २,००० आठळ्या हाताशी ठेवाव्यात.

लगेच पेरायचे असेल तर वाळवण्याची गरज नाही. ठेवायचे असेल तर हवेशीर सावलीत चार-पाच दिवस आणि शेवटी सकाळच्या कोवळ्या उन्हात तास-दोन तास वाळवा. नुसत्या कापडी पिशवीत ठेवलेले बी गोव्याच्या पावसाळी हवेत बुरसते. खडखडीत वाळलेले बी घट्ट झाकणाच्या बरणीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. असे बी वर्षभर सहज टिकते. बाहेर उघडे ठेवलेल्या बीची उगवण वर्षाच्या आत बरीच घसरते.

पेरायचे कधी

बहुतेकांची गफलत इथे होते. मे महिन्यात ताजे बी मिळते म्हणून ते लगेच पेरले जाते. ती रोपे लावण्याजोगी होईपर्यंत ऑगस्ट उजाडतो. ऑगस्टमध्ये लावलेल्या रोपाला जेमतेम सहा-आठ आठवडे पाऊस मिळतो आणि पुढे सात-आठ महिने कोरडे. मुळे खोल जायच्या आत माती तापते आणि मार्चपर्यंत अर्धी रोपे वाळतात. तीच रोपे पिशवीत धरून पुढच्या जूनपर्यंत थांबले, तर मुळे पिशवीच्या तळाशी गुंडाळी करून बसतात. असे झाड वर हिरवे दिसते आणि चार-पाच वर्षांनी वादळात मुळासकट आडवे होते.

डोंगरावर, पाण्याची सोय नसलेल्या जागी लावायचे असेल, तर मे महिन्यातले बी फ्रिजमध्ये राखून पुढच्या फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत पेरावे. जूनपर्यंत ३०-४५ सेंटिमीटरचे, साडेतीन महिन्यांचे जोमदार रोप तयार होते आणि त्याला सगळा पावसाळा मिळतो. कुळागराच्या कडेला, पाट किंवा ठिबकचे पाणी असेल तिथे मात्र ताजे बी मे महिन्यात पेरून ऑगस्टमध्ये लावायला हरकत नाही.

तिसरी वाट म्हणजे ठोंब. मे-जूनमध्ये वाफ्यात पेरलेली रोपे तिथेच वर्षभर वाढू द्यायची आणि पुढच्या जूनमध्ये उपटून छाटायची: खोड ५ सेंटिमीटर, सोटमूळ २० सेंटिमीटर, बाजूची मुळे काढून टाकायची. अंगठ्याएवढ्या जाडीचे ठोंब उत्तम. लांबच्या डोंगरावर पिशव्या वाहून न्यायच्या नसतील तर हे फार सोयीचे, कारण ओल्या पोत्यात गुंडाळून शे-दोनशे ठोंब एक माणूस नेतो. उपटल्यापासून एक-दोन दिवसांत लावले पाहिजेत.

वाफा

वाफा १ मीटर रुंद आणि १५-२० सेंटिमीटर उंच करा. खाली माती-शेणखत आणि वर ५ सेंटिमीटर नदीची वाळू. समुद्राची वाळू मिठामुळे चालत नाही, धुऊन घेतली तरी धोका पत्करू नये. बी आधी २४ ते ४८ तास गार पाण्यात भिजवा. गरम पाणी आणि आम्ल यांची शिवणीला गरज नाही. उकळत्या पाण्यात टाकलेले बी मरते.

आठळ्या ४-५ सेंटिमीटर अंतरावर आडव्या ठेवून वर दीड ते दोन सेंटिमीटर वाळू पसरा आणि भाताच्या पेंढ्याचा पातळ थर द्या. झारीने सकाळ-संध्याकाळ पाणी. वाळू ओलसर राहिली पाहिजे, चिखल नको. पहिले कोंब साधारण दुसऱ्या आठवड्यात दिसतात आणि चौथ्या-पाचव्या आठवड्यापर्यंत एकेक उगवत राहतात, त्यामुळे पंधरा दिवसांनी वाफा मोडू नका. कोंब दिसताच पेंढा काढा, नाहीतर देठ लांबून पिवळे पडतात.

कोवळी रोपे जमिनीलगत काळी पडून कोलमडू लागली, तर ते जास्त पाणी आणि कोंडलेल्या हवेचे लक्षण. आधी पाणी कमी करा, दाट जागा विरळ करा. मग कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरला ३ ग्रॅम या प्रमाणात वाफ्यावर ओता. पेरण्याआधी शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून ठेवले असेल तर ही वेळ सहसा येत नाही.

पिशवी

१५ × २३ सेंटिमीटरची, खाली भोके असलेली पिशवी घ्या. मिश्रण: चाळलेली तांबडी माती २ भाग, नदीची वाळू १ भाग, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत १ भाग. आपली तांबडी माती एकटी भरली तर पाण्याने दगडासारखी बसते आणि मुळे गुदमरतात; वाळू वगळू नका.

रोपाला खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की ते हलवायचे. वाफा आधी भिजवा, रोप काडीने खालून उचला आणि नेहमी पानाला धरा. कोवळ्या देठाला चिमटीत धरले की आतल्या नळ्या चेपतात. रोप दोन दिवस बरे दिसते आणि तिसऱ्या दिवशी मान टाकते. पिशवीत बोटभर खोल भोक पाडून मूळ सरळ सोडा. मूळ लांब असेल तर टोक खुडा, पण वर वळू देऊ नका. एका आठळीतून आलेले दोन कोंब वेगळे करून लावता येतात; दोन्ही एकाच पिशवीत ठेवू नयेत.

आठवडाभर शेडनेट किंवा झावळ्यांची सावली, मग हळूहळू पूर्ण ऊन. दर तीन-चार आठवड्यांनी पिशव्या जागेवरून हलवा, म्हणजे तळातून बाहेर आलेली मुळे जमिनीत शिरणार नाहीत. पाने पिवळट आणि वाढ मंद दिसली तर १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेले) लिटरला २ ग्रॅम विरघळवून पंधरा दिवसांनी एकदा द्या. लावण्याआधी तीन आठवडे पाणी कमी करत जा, खत बंद करा. खोड तळाशी तपकिरी आणि टणक झाले की रोप तयार. वाकडी, दुशेंडी, रोगट रोपे इथेच बाजूला काढा. शंभरातली वीस फेकावी लागली तरी मन घट्ट करा. कमकुवत रोपाला पंधरा वर्षे पोसणे फार महाग पडते.

खड्डे आणि लावणी

खड्डे मे महिन्यातच खणावेत: मऊ जमिनीत ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल, कडक जमिनीत ६०. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. भरताना वरची माती तळात जाते आणि तिच्यात ५ किलो कुजलेले शेणखत, २०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि २५० ग्रॅम रॉक फॉस्फेट मिसळायचे. आपली माती आम्लधर्मी असल्याने रॉक फॉस्फेट तिच्यात चांगले लागू होते. अर्धवट कुजलेल्या शेणाने वाळवी येते.

अंतर ३ × ३ मीटर ठेवले की हेक्टरी १,१११ झाडे बसतात, ४ × ४ ला ६२५. लाकूड हवे असेल तर ३ × ३ लावून नंतर विरळणी करावी, असे आमचे ठाम मत आहे. सुरुवातीला दाटी असली की झाडे उजेडासाठी सरळ वर जातात आणि खालच्या फांद्या बारीक राहतात. ४-५ वर्षांनी फांद्या एकमेकांत शिरल्या की वाकडी आणि मागे पडलेली निम्मी झाडे काढायची. त्यांचे वासे उपयोगी पडतात. बांधावर एकच ओळ असेल तर २.५-३ मीटर पुरे. उतारावर ओळी समतल रेषेवर घ्या आणि प्रत्येक खड्ड्याच्या वरच्या अंगाला छोटा चर काढा.

मिरगाचा पहिला पाऊस आला म्हणून घाई नको. माती हातभर खोल भिजली की लावा, म्हणजे साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. पिशवी ब्लेडने उभी चिरून पूर्ण काढा आणि तळाची गुंडाळलेली मुळे बोटभर कापून टाका. रोपाची मान जमिनीच्या पातळीवर ठेवा, भोवती माती पायाने दाबा आणि बुंध्याशी थोडा उंचवटा करा, म्हणजे पाणी खोडापाशी थांबणार नाही.

कुंपण लावणीआधीच झाले पाहिजे. शिवणीचा पाला गुरांना फार आवडतो. मोकळ्या गुरांचा एक कळप एका दुपारी सगळी लागवड बोडकी करतो. रानालगतच्या गावांत गवे आणि रानडुकरांचाही विचार करावा लागतो. तिथे काटेरी कुंपणाच्या जोडीला सौर कुंपण असेल तरच निभाव लागतो.

पहिली दोन वर्षे

जुलै, सप्टेंबर आणि नोव्हेंबरमध्ये प्रत्येक रोपाभोवती मीटरभराचे आळे गवतमुक्त करा. ऑगस्टमध्ये गवत रोपाच्या डोक्यावर जाते आणि तेवढ्या एका महिन्यात रोप मागे पडते. जुलै आणि सप्टेंबरमध्ये प्रत्येकी २५ ग्रॅम युरिया आणि १५ ग्रॅम पोटॅश बुंध्यापासून वीतभर लांब गोलाकार द्या. नोव्हेंबरच्या बेणणीनंतर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन करा, मात्र ते खोडाला चिकटू देऊ नका. जमलेच तर पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी झाडामागे १० लिटर पाणी द्या. जानेवारीपर्यंत लागवडीभोवती ३ मीटर रुंद पट्टा खरवडून साफ ठेवा, कारण शेजारच्या काजूच्या बागेत पाचोळा जाळताना लागलेली आग वाळक्या गवतातून क्षणात पोचते.

जानेवारी-फेब्रुवारीत शिवण सगळी पाने टाकते. नवख्याला झाड मेले असे वाटते आणि ते उपटलेही जाते. नखाने साल किंचित खरवडून पाहा. खाली हिरवा ओलसर थर दिसला तर झाड जिवंत आहे. तपकिरी कोरडे दिसले तर खाली सरकत हिरवे लागेपर्यंत तपासा आणि तिथून वर छाटा.

शेंडा मोडून दोन-तीन फुटवे आले, तर हातभर होताच एक सरळ ठेवून बाकी काढा. वर्षभराचे झाड फारच वाकडे असेल तर एक कडक पण हमखास उपाय आहे: मेअखेरीस ते जमिनीपासून ५ सेंटिमीटरवर तिरके छाटायचे. मुळे बळकट झालेली असतात, त्यामुळे पावसात सरळसोट फुटवे झपाट्याने येतात. त्यांतला एक राखायचा.

फांद्या पानगळीच्या काळातच छाटा, त्या बोटाएवढ्या असतानाच. मनगटाएवढी फांदी तोडली की जखम भरत नाही, पाणी मुरते आणि खोड आतून कुजते. एका वेळी खालच्या एक-तृतीयांश उंचीपेक्षा जास्त भाग मोकळा करू नये. फांदीच्या मुळाशी फुगीर कडे असते, त्याच्या बाहेरून कापावे.

कीड आणि बांडगूळ

पावसाळ्यात पानांची चाळण झालेली दिसली की पान उलटून पाहा. निळसर-हिरवट चकाकता, गोलसर, कासवासारख्या पाठीचा भुंगा आणि शेपटीकडे आपल्याच विष्ठेचे धागे बाळगणाऱ्या अळ्या दिसतील. हा शिवणीचा मुख्य शत्रू, शास्त्रीय नाव कॅलोपेप्ला लेयाना. जून ते ऑक्टोबर तो पाने खातो आणि कोरड्या दिवसांत सालीच्या भेगांत, वाळक्या गवतात दडून बसतो. लहान लागवडीत सकाळी झाड हलवून खाली पडलेले भुंगे साबणाच्या पाण्यात टाका आणि ५ टक्के निंबोळी अर्क पानांच्या खालून फवारा. पावसाची उघडीप बघून फवारावे, नाहीतर सगळे वाहून जाते. हिवाळ्यातली स्वच्छता हाच पुढच्या वर्षीचा खरा बंदोबस्त.

कोवळे शेंडे एकाएकी काळे पडून वाळू लागले तर जाळीदार पंखांचे बारीक ढेकूण शोधा. वाळलेला भाग हिरव्यापर्यंत छाटून जाळा.

बांडगूळ शिवणीवर हटकून येते. पक्षी त्याची चिकट फळे खाऊन फांदीवर बी सोडतात. नुसते बांडगूळ ओरबाडले तर ते पुन्हा फुटते, म्हणून फांदी त्याच्यापासून खोडाच्या बाजूला निदान एक फूट अंतरावर कापा. झाडाची पाने गळलेली असताना ते हिरवे उठून दिसते. त्याच वेळी, त्याला फळे यायच्या आत, हे काम उरका.

तोड

चांगल्या जमिनीत पहिल्या वर्षाअखेर दीड ते तीन मीटर, पाचव्या वर्षी ८-१२ मीटर उंची धरावी. वासे त्याआधीही मिळतात, पण फळ्या काढण्याजोगे खोड व्हायला १२ ते १८ वर्षे लागतात.

स्वतः लावलेले झाडही गोव्यात परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. लावणीच्या वर्षीच फोटो, रोपांची संख्या आणि सर्व्हे नंबर यांची नोंद करून ठेवली तर पुढे काम सोपे जाते. शिवाय सलग ५ हेक्टर, झाडांच्या छत्राची ०.४ घनता (म्हणजे ४० टक्के जमीन झाकलेली) आणि ७५ टक्के वनवृक्ष हे गोव्यात खाजगी वन ठरवण्याचे निकष आहेत. मोठ्या सलग जमिनीवर लागवड करणाऱ्याने आपली जमीन त्यात बसू शकते का, हे आधी वनखात्यात विचारून घ्यावे.

तोड नोव्हेंबर ते जानेवारीत करा. पावसाळ्यात तोडलेल्या ओंडक्याला दमट हवेत निळसर डाग पडतात आणि फिकट लाकडाची किंमत जाते. ओंडके महिनोन् महिने पडू न देता चिरून घ्या, फळ्यांमध्ये पट्ट्या ठेवून छपराखाली रचा. कडेची टोके चुन्याने किंवा रंगाने माखली तर चिरा जात नाहीत. हे लाकूड सावकाश वाळते, घाई करू नये. जमिनीत पुरायच्या खांबांना ते वापरू नका, वाळवी लागते.

बुंधा जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर करवतीने तिरका कापा. कुऱ्हाडीने साल फाटते आणि फुटवे कमी येतात. पहिल्या पावसात बुंध्याला फुटवे येतील. ते पुरुषभर झाले की त्यांतला जमिनीलगत निघालेला एक ठेवा. वरच्या कापाजवळचे फुटवे जोरदार दिसले तरी वाऱ्यात निखळतात.